मोबाईलवरचा सोयाबीनचा भाव नेमका कसा वाचायचा?

सोयाबीनची काढणी झाली की घरात एकच प्रश्न असतो: आज विकायचं की थांबायचं? मोबाईल आपल्या हातात, त्यामुळे भाव बघायचं कामही आपल्याकडेच येतं. पण ॲपवर एक आकडा दिसतो आणि बाजार समितीत पट्टी वेगळ्याच भावाची मिळते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या मते ॲप सहसा खोटं बोलत नाही, आपण चुकीचा आकडा वाचतो.

भाव येतो कुठून?

बरीच ॲप्स केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटचा डेटा दाखवतात. बाजार समित्या व्यवहार झाल्यावर तो भरतात. म्हणजे हा शेअर बाजारासारखा लाइव्ह भाव नाही, झालेल्या व्यवहाराची नोंद आहे. म्हणून आधी तारीख बघा.

तीन आकडे

- किमान: सगळ्यात कमी मिळालेला भाव.
- कमाल: सगळ्यात जास्त. हा एखाद्याच उत्तम लॉटला मिळालेला असू शकतो.
- सर्वसाधारण: जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो. अंदाज यावरूनच बांधा.

सोबत आवकही बघा. पाच-दहा क्विंटलच माल आला असेल, तर त्या भावावर फार विसंबू नका.

ओलाव्याचं गणित

2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे, पण हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारण 12 टक्के असते. समजा, तुमच्या मालात 16 टक्के ओलावा आहे. 100 किलोत कोरडा भाग 84 किलो. तो 12 टक्क्यांवर वाळवला की वजन उरतं 84 ÷ 0.88, म्हणजे साधारण 95.5 किलो.

आता ओल्या मालाला 4,000 रुपये मिळत असतील, तर वाळवलेल्या मालाला क्विंटलला किमान 4,190 रुपये मिळाले तरच बरोबरी होते. वाळवायची मजुरी वेगळी. फरक त्यापेक्षा मोठा असेल तरच थांबण्यात फायदा.

आणि पाऊस?

वाळवायला ऊन लागतं. हवामान विभागाच्या मेघदूत ॲपमध्ये जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मराठीत मिळतो. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्लाही येतो. पाऊस दिसत असेल तर माल उघड्यावर पसरू नका.

थोडक्यात क्रम असा: तारीख, सर्वसाधारण भाव, आवक, ओलावा, पाऊस. व्हॉट्सॲपवर फिरणारा भाव घरी सांगण्याआधी एवढं नक्की तपासा.