कारखान्याचे दोन हिशेब

कोणत्याही कारखान्यात दोन प्रकारचे हिशेब असावे लागतात. पहिला बाहेरच्या मंडळींसाठी, म्हणजे भागधारक, बँका आणि कर-अधिकारी यांच्यासाठी. तो कायद्याने ठरविलेल्या नमुन्यात, वर्ष संपल्यावर तयार होतो. दुसरा खुद्द चालकासाठी. अमुक माल किती काढावा, कोणत्या भावाने विकावा, कोठला खर्च हाताबाहेर चालला आहे, हे त्याला वर्ष संपण्यापूर्वीच कळावयास हवे असते. या दुसऱ्या हिशेबास व्यवस्थापकीय हिशेबपद्धती म्हणतात. पहिला न ठेवल्यास दंड होतो. दुसरा न ठेवल्यास कोणी जाब विचारीत नाही, आणि म्हणूनच त्याची हयगय होते.

इंग्लंडातील जोसाया वेजवुड याचीही प्रथम तीच स्थिती होती. स्टॅफर्डशायरमधील एट्रुरिया येथे त्याने १७६९ मध्ये चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा कारखाना काढला. मालाला मागणी भरपूर, तेव्हा खोलात शिरण्याचे कारण पडले नाही. पण १७७२ मध्ये पेढ्या बुडाल्या, मंदी आली, आणि माल गोदामात पडून राहिला. तेव्हा हा गृहस्थ आपल्याच वह्या घेऊन बसला. आपली फुलपात्रे आपणांस किती पैशांना पडतात याचा नीट हिशेब त्याच्यापाशी नव्हता. तो मांडताना मुख्य कारकुनाची अफरातफरही उघडकीस आली. परंतु त्याहून मोलाची गोष्ट निराळीच होती. नमुने व साचे, जागेचे भाडे, कारकुनांचे पगार हे खर्च माल थोडा काढला काय किंवा पुष्कळ काढला काय, जवळजवळ तेवढेच राहतात, हे त्याच्या ध्यानात आले. मग एकाच नमुन्याची भांडी अधिक संख्येने काढणे आणि भाव उतरवून मध्यम वर्गातील गिऱ्हाईक मिळविणे यांत फायदा आहे, हेही ओघानेच आले. त्या मंदीतून त्याचा कारखाना तरला.

आपल्याकडे परिव्यय लेखापालांची संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. १९५९ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. १९६५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन, ठराविक उद्योगांना उत्पादनखर्चाच्या नोंदी ठेवावयास लावण्याचा व त्या तपासून घेण्याचा अधिकार सरकारला प्राप्त झाला. तरतूद चांगलीच आहे. मात्र सरकारसाठी म्हणून ठेवलेल्या वह्या चालक स्वतः उघडून पाहतोच असे नाही, हे मी नोकरीतील अनुभवावरून सांगतो.

आणि उघडल्या तरी त्या वाचता याव्या लागतात. एका कारखान्याची कागदपत्रे मजकडे तपासणीस आली होती. तेथे लोखंडी पेट्या व जस्ती बादल्या होत. समजण्यास सोपे पडावे म्हणून आकडे बदलून सांगतो. बादलीची विक्री १०० रुपये. पत्रा, जस्त आणि मजुरी मिळून ७० रुपये. भाडे, पगार वगैरे स्थिर खर्चाचा वाटा ४० रुपये. म्हणजे दर बादलीमागे १० रुपये तोटा! हजार बादल्यांचा दहा हजार तोटा वाचवावा म्हणून बादल्या बंद झाल्या आणि त्या विभागातील रोजंदारीची माणसे घरी गेली. पण भाडे कमी झाले नाही, पगारही नाहीत. बादलीमागे हाती येणारे ३० रुपये तेवढे गेले. दहा हजार वाचण्याऐवजी तीस हजारांची नवी खोट आली. शिवाय बादल्यांच्या वाट्याचे चाळीस हजार आता पेट्यांच्या माथी बसल्याने, पुढल्या वर्षी पेट्याही तोट्यात दिसू लागल्या, व त्याही बंद कराव्यात अशी टिप्पणी फायलीवर आली.

ती टिप्पणी मी अडविली. बादल्यांचे काम पुन्हा सुरू करावे असेही लिहिले. उत्तर आले की, साचे मोडीत विकले गेले आहेत.