वही आपली, कुलूप परक्याचें : मोकळ्या आज्ञावलींविषयीं दोन शब्द

गेल्या वर्षीं आमच्या संस्थेवर जो प्रसंग गुदरला, तो वाचकांनीं ध्यानांत घ्यावा म्हणून येथें देतों. सभासदांची यादी, भागभांडवलाचा हिशेब व बियाणेंवाटपाची नोंद हें सर्व दप्तर संगणकावर एका विकतच्या आज्ञावलींत ठेविलें होतें. आज्ञावली म्हणजे संगणकानें काय करावें हें त्यास सांगणाऱ्या आज्ञांची जंत्री. हिलाच सॉफ्टवेअर म्हणतात. वर्गणीची मुदत संपली, आणि नवी रक्कम भरल्याखेरीज दप्तर उघडून देण्याचें विकणाऱ्यानें नाकारिलें. ऐन मृगाच्या तोंडावर कोणाकडे किती येणें, हें सांगतां येईना. जुन्या पावत्या जुळवून आम्हीं महिनाभर खपून वही पुन्हां उभी केली. परंतु तोंवर कांहीं सभासदांची पेरणी लांबली ती लांबलीच. महसूल खात्यांत उभा जन्म आम्हीं दप्तर सांभाळिलें. पण वही आपली आणि कुलूप परक्याचें, हा प्रकार प्रथमच पाहिला.

शेतकऱ्यास ही गोष्ट बियाण्याच्या दृष्टान्तानें सहज समजेल. संकरित बियाणें दरसाल विकत आणावें लागतें. उलट, येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठानें इक्रिसॅटच्या सहकार्यानें २०१८ सालीं प्रसारित केलेली ‘परभणी शक्ति’ ज्वारी सरळ वाणाची आहे. तिचें निवडक बियाणें राखून पुढील सालीं पेरतां येतें. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क यांविषयींच्या २००१ च्या कायद्यानेंही शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचें बियाणें छापाच्या पिशवींत घालून विकण्याची मात्र मुभा नाहीं.

आज्ञावलींतही असेच दोन प्रकार आहेत. बंद आज्ञावलीची मूळ लिखावट तिचा धनी आपल्यापाशींच ठेवितो. मोकळीची सर्वांस खुली असते. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं या कार्याची घोषणा केली. वापरणारास चार हक्क असावे, असें त्यांचें म्हणणें : आज्ञावली हव्या त्या कामास लावावी, तिची लिखावट वाचून तींत फेरफार करावा, तिच्या प्रती दुसऱ्यांस द्याव्या, आणि सुधारलेली प्रतही द्यावी. १९८९ सालच्या त्यांच्या परवान्यांत अशी अट आहे कीं, जो सुधारणा करून पुढें देईल त्यानें घेणारासही हेच हक्क द्यावे. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा रचिला. पुढें जगांतील अनेकांनीं तो सावडीनें वाढविला. आज आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनाच्या तळाशीं तोच आहे.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. फुकट तें सर्वच मोकळें नव्हे. पुष्कळ आज्ञावली पैसे न घेतां मिळतात, परंतु त्यांचें कुलूप धन्याच्याच हातीं असतें. तशीच विकतच्या आज्ञावलीची चोरून उतरलेली प्रतही मोकळी होत नाहीं. ती बेकायदा असून तिच्याबरोबर संगणकांत घाण शिरण्याचें भय असतें.

आतां उपयोगाचें सांगतों. पत्रव्यवहार व हिशेबासाठीं ‘लिब्रे ऑफिस’ ही मोकळी आज्ञावली २०१० पासून चालू आहे. ती मराठींतही मिळते आणि विंडोज व लिनक्स दोहोंवर चालते. तिचे कागद ज्या ठरावीक नमुन्यांत साठतात, त्यास २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली असल्यानें दुसऱ्या आज्ञावलींतही ते उघडतां येतात. मराठी अक्षरांसाठीं मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनीं केलेला ‘मुक्ता’ टंक मोकळा आहे. शेताची हद्द नकाशावर आंखून क्षेत्र काढण्यास ‘क्यूजीआयएस’ उपयोगी पडते. मात्र तें क्षेत्र अंदाजापुरतेंच समजावें. हद्दीच्या वादांत भूमि अभिलेख खात्याची मोजणीच ग्राह्य, हें आम्ही जुन्या अनुभवानें बजावून सांगतों.

अशी आज्ञावली शोधतांना तीन गोष्टी पाहाव्या. ती करणारांच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावी. परवाना कोणता तें वाचावें किंवा जाणत्याकडून वाचवून घ्यावें. आणि आपलें दप्तर तींतून बाहेर काढून दुसरीकडे नेतां येतें कीं नाहीं, हें चार खोट्या नोंदी घालून अगोदर पडताळावें. दुसऱ्यास देतांना नुसती प्रत देऊं नये. परवान्याचा कागद बरोबर द्यावा व शेजारीं बसून एक वेळ काम करून दाखवावें.

यांत कष्ट नाहींत असें नाहीं. मोकळी आज्ञावली शिकविण्यास विकणाराचा माणूस दारीं येत नाहीं. गांवांतील एखाद्या तरुणास ती शिकावी लागते, आणि त्याच्या श्रमाचा मोबदला संस्थेनें दिलाच पाहिजे. तथापि हा पैसा गांवांतच राहतो व विद्याही गांवांत राहते. आमच्या संस्थेची नवी वही आतां लिब्रे ऑफिसांत आहे. दर महिन्याच्या अखेरीस तिची एक प्रत वेगळ्या पेटींत ठेवितों व एक कागदावर छापितों. ज्या संस्थांस ती मांडणी हवी असेल, त्यांनीं कोरी पेनड्राइव्ह घेऊन यावें. मांडणी देऊं व समजावूनही सांगूं. मोबदला एवढाच कीं, तुम्हीं तींत कांहीं सुधारणा केलीत तर ती आम्हांस परत आणून द्यावी.