बोटीवरची बिनखिडकीची खोली

बोटीने सहलीला जावे असे ज्या घरात ठरते, त्या घरात एक प्रश्न हटकून उभा राहतो. बोट मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे जाणारी असो, सिंगापूरहून निघणारी असो, की भूमध्य समुद्रातली असो, दरपत्रकात खोल्यांच्या पायऱ्या मांडलेल्या असतात. सर्वांत वर ऐसपैस दालने, त्याखाली सज्जाच्या खोल्या, मग खिडकीच्या खोल्या, आणि अगदी तळाशी, सर्वांत स्वस्त, अशी आतली खोली. हिला ना खिडकी, ना झरोका. दर पाहून मन तिकडे ओढ घेते आणि त्याच क्षणी शंका येते की, समुद्र पाहायला निघायचे आणि समुद्र न दिसणाऱ्या खोलीत राहायचे, हा कुठला व्यवहार? निवृत्तीच्या पुंजीतून असा प्रवास आयुष्यात एकदाच करणाऱ्या जोडप्याला ही शंका क्षुल्लक वाटणार नाही. म्हणून या आतल्या खोलीचा जरा बारकाईने विचार करू.

अशा खोल्या बोटीवर असतात तरी का? याचे कारण बोटीच्या रुंदीत आहे. १९१४ साली खुल्या झालेल्या पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांची रुंदी सुमारे साडेतेहेतीस मीटर आहे. त्यांतून जाता यावे म्हणून असंख्य बोटी बत्तीस मीटरांच्या आसपास रुंद बांधल्या गेल्या. आता समजा, दोन्ही कडांना सहा-सहा मीटर खोलीच्या समुद्राभिमुख खोल्या काढल्या आणि त्यांच्या आत दीड-दीड मीटरचे दोन बोळ ठेवले. पंधरा मीटर संपले. मधे सतरा मीटरांचा पट्टा उरला. जिने, उद्वाहक आणि नोकरवर्गाच्या कोठड्या यांना त्यातला काही भाग लागतो. बाकीची जागा रिकामी ठेवणे कोणत्याही मालकाला परवडत नाही. तेथे ज्या खोल्या बसतात, त्या आतल्या खोल्या. त्या स्वस्त आहेत त्या केवळ त्यांच्या जागेमुळे; त्यांतील बिछाना किंवा स्नानगृह हलक्या प्रतीचे असते असे नव्हे. क्षेत्रफळ मात्र बेताचे, बहुधा दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांचे, आणि जुन्या बोटींवर त्याहूनही कमी असते.

आतल्या खोलीची जी अपकीर्ती आजही कानावर येते, ती मुख्यतः वातानुकूलनापूर्वीच्या काळातली आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या आगबोटी तांबड्या समुद्रात शिरल्या की लोखंडी भिंती तापत, आणि वाऱ्याची झुळूक यायची ती गोल झरोक्यातूनच. ज्याला झरोका नाही त्याची खोली म्हणजे भट्टीच. पुष्कळ प्रवासी बिछाना उचलून डेकवर निजायला जात. इंग्लंड ते रंगून अशी वाहतूक करणाऱ्या बिबी लाइन या कंपनीच्या नावाने तर खोलीची एक तऱ्हाच प्रसिद्ध झाली. आतल्या खोलीला इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा आकार देऊन तिचा एक चिंचोळा बोळ बोटीच्या कडेपर्यंत न्यायचा आणि त्याच्या टोकाला झरोका बसवायचा. हातभर वाऱ्यासाठी केवढी ही खटपट! आपण मराठीतही सर्रास वापरतो तो ‘पॉश’ हा शब्द याच उकाड्यातून जन्मला, अशी एक आख्यायिका आहे. विलायतेहून येताना डावी बाजू आणि परतताना उजवी बाजू सावलीची. श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे उमटवत, असे सांगतात. कथा रंजक आहे, पण तसे एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. सावलीच्या बाजूला मान होता, एवढेच तिच्यातले मर्म.

वातानुकूलन आले आणि हा सारा हिशेब बदलला. आजच्या बोटीत झरोका बहुधा उघडतच नाही. खिडकीच्या खोलीत आणि आतल्या खोलीत हवा एकाच यंत्रणेतून येते. म्हणजे आता खिडकीचे मोल हवेसाठी उरलेले नसून केवळ प्रकाशासाठी आणि दृश्यासाठी उरले आहे. बांधणाऱ्यांनीही या उणिवेवर नाना उपाय योजले. १९८४ साली ‘रॉयल प्रिन्सेस’ ही बोट उतारूंच्या सर्वच खोल्या बाहेरच्या बाजूला ठेवून बांधली गेली. १९९९ सालच्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ या बोटीच्या पोटातून बाजारपेठेसारखा एक लांबच लांब रस्ता काढला, आणि काही आतल्या खोल्यांना त्या रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या दिल्या. २०११ मध्ये ‘डिस्नी ड्रीम’वर आतल्या खोल्यांत गोल पडदे बसवण्यात आले, बाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेला समुद्र त्यांत त्या क्षणी दिसतो.

आता पैशाकडे वळू. एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी, की बोटीचे भाडे म्हणजे केवळ खोलीचे भाडे नव्हे. भोजनगृह, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, उघडे डेक, बंदरे हे सारे त्यात येते, आणि आतल्या खोलीचा उतारू व सज्जाचा उतारू यांना ते बहुतांशी सारखेच मिळते. काही कंपन्या महागड्या दालनांतील प्रवाशांसाठी स्वतंत्र भोजनगृहे किंवा डेक राखतात, एवढाच अपवाद. तेव्हा जास्तीचे पैसे नेमके कशाचे, याचा हिशेब घरी बसून करावा. समजा, चार रात्रींच्या सहलीला दोघांचे मिळून आतल्या खोलीस चाळीस हजार रुपये पडतात आणि सज्जाच्या खोलीस चौसष्ट हजार. फरक चोवीस हजारांचा. दिवसाउजेडी, जागे राहून, खोलीत आपण किती वेळ काढणार? रोज तीन तास धरले तर चार दिवसांचे बारा तास. म्हणजे स्वतःच्या सज्जातून समुद्र पाहण्याचा दर तासाला दोन हजार रुपये झाला. कोणाला तो वाजवी वाटेल, कोणाला नाही. परंतु आकडा समोर असला म्हणजे निर्णय स्वतःचा होतो, तिकीट विकणाऱ्याचा राहत नाही. मात्र तुलना करताना बंदरशुल्क, कर आणि बक्षिशीची रक्कम धरूनच करावी. यांपैकी काही रकमा जाहिरातीतल्या दरात पुष्कळदा नसतात.

आतली खोली घ्यायची असे ठरले, तरी सगळ्या आतल्या खोल्या सारख्या नसतात. खिडकी नाही, हे सर्वांना समान. पण बोटीत ती खोली कोठे आहे, यावर झोप आणि स्वास्थ्य अवलंबून असते. बोट दोन प्रकारे हलते. एक डोलणे कुशीवरचे, डावीउजवीकडे. दुसरे उचलणे-आपटणे, पुढून मागे. समजा, दोनशे मीटर लांबीची बोट मध्यबिंदूभोवती एका अंशाने उचलली गेली. नाळेकडच्या टोकाशी असलेली खोली सुमारे पावणेदोन मीटर वर जाईल, आणि तितकीच खाली येईल. मध्यापासून वीस मीटरांवर असलेली खोली जेमतेम पस्तीस सेंटिमीटर हलेल. कुशीवरच्या डोलण्याचेही तसेच. पाच अंशांच्या डोलण्यात, ज्या आसाभोवती बोट डोलते त्याच्या वीस मीटर वरची खोली पावणेदोन मीटर बाजूला सरकते. पाच मीटर वरची खोली अर्ध्या मीटरहूनही कमी. आधुनिक बोटींना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात. त्यांनी कुशीवरचे डोलणे पुष्कळ आवरते, पण पुढून मागे होणारी उचल आवरत नाही. ज्याला बोट लागते त्याने म्हणून मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली मागावी. गंमत अशी, की खालच्या मजल्यांवरच्या या खोल्यांना कित्येकदा दरही कमी असतो.

दुसरी कसोटी आवाजाची. प्रत्येक कंपनी बोटीचा मजलेवार नकाशा प्रसिद्ध करते. त्यात आपली खोली शोधून न थांबता तिच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे, तेही पाहावे. डोक्यावर स्वयंपाकघर आले तर पहाटेपासून ढकलगाड्यांची खडखड. तलावाचा डेक आला तर खुर्च्या ओढल्याचा आवाज. पायाखाली नृत्यगृह आले तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. अगदी पुढे नांगराच्या साखळीचा गडगडाट पहाटे बंदरात जागे करतो. अगदी मागे यंत्रांची थरथर जाणवते. उद्वाहकाला लागून असलेली खोली वर्दळीची. दोन खोल्यांच्या मध्ये दार असले, तर शेजारच्यांचे बोलणे ऐकू येते. वरही खोल्या आणि खालीही खोल्या, अशी जागा सर्वांत शांत.

येथे एक मेख आहे. सर्वांत स्वस्त दर पुष्कळदा अशा अटीवर मिळतो, की खोली कोणती ते कंपनी ठरवील. प्रकार आतलाच किंवा त्याहून वरचा मिळेल, याची हमी असते, जागेची नसते. ज्याला कोठेही झोप लागते, त्याने ही अट खुशाल पत्करावी. ज्याची झोप सावध आहे, किंवा ज्याला बोट लागते, त्याने थोडे अधिक देऊन खोलीचा क्रमांक आधी ठरवून घ्यावा. आतल्या खोलीतही हा खर्च सार्थकी लागतो. दर माणशी सांगितलेला असला, तरी तो दोन माणसे धरून असतो. एकट्या प्रवाशाला कित्येकदा जवळजवळ दुप्पट पडते. तिसरे व चौथे माणूस भिंतीतून किंवा छतातून उघडणाऱ्या वरच्या बिछान्यावर झोपते. आजोबांना शिडी चढायला लावू नये, हे सांगायला नकोच.

बिनखिडकीच्या खोलीत राहण्याची थोडी रीत असते. दिवा मालवला की तेथे काळोख पुरा असतो, दिवसाढवळ्याही रात्रच. शरीराला पहाट कळते ती उजेडावरून, आणि उजेडच नसल्याने माणूस नऊ वाजेपर्यंत झोपतो किंवा अवेळी जागा होतो. गजराचे घड्याळ ठेवावे, रात्रीसाठी लहानसा दिवा न्यावा, आणि उठल्याबरोबर चहासाठी उघड्या डेकवर जावे. ज्यांना दुपारी विश्रांती हवी असते किंवा पाळीवर काम करण्याची सवय असते, त्यांना हाच काळोख वरदान वाटतो.

सुरक्षिततेविषयी मनात भय धरण्याचे कारण नाही. पण दक्षता हवी. जीवनौकेतली जागा खोलीच्या दरावर ठरत नाही. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही बोट खडकावर आदळून कलंडली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो उतारूंची कवायत व्हायची होती. २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच झाली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तिच्याकडे करमणूक म्हणून पाहू नये. आतल्या खोलीच्या उतारूने आणखी एक करावे : आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात, ती मोजून ठेवावीत, आणि उशाशी विजेरी ठेवावी. बाहेर बोळात आणीबाणीचे दिवे असतात. खोलीतून दारापर्यंत पोचायचे ते आपल्या हाताने.

ही खोली सर्वांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बंद जागेत ज्याचा जीव घाबरतो, ज्याला दुखण्यामुळे दिवसाचा बराच वेळ पडून काढावा लागतो, किंवा ज्याच्याबरोबर तान्हे मूल आहे, त्याने शक्य तर खिडकी घ्यावी. प्रवासाचा मार्गही पाहावा. नॉर्वेच्या चिंचोळ्या खाड्या किंवा अलास्काच्या हिमनद्या यांसारखी जागा असेल, तर दृश्य सारा दिवस बोटीच्या कडेने सरकत असते; तेथे सज्जाचे मोल वाढते. जेथे बोट रात्री चालते आणि दिवसा बंदरात उभी राहते, तेथे ते बरेच कमी होते.

समुद्र अखेर डेकवर आहे, आणि तेथे येण्याचा हक्क प्रत्येक उतारूला आहे. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा तरुण विद्यार्थी मुंबईहून विलायतेला निघाला, तेव्हा इंग्रजी बोलण्याच्या आणि काट्याचमच्याच्या संकोचाने तो बराच वेळ खोलीतच राहिला आणि घरून आणलेली मिठाई व फळे तेथेच खात असे, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. १९३१ साली गोलमेज परिषदेला ‘राजपुताना’ बोटीने जाताना त्यांनी दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढले आणि आपला बहुतेक वेळ डेकवर घालवला. पाहणाराच जर खोलीबाहेर पडला नाही, तर सज्जाचाही उपयोग थोडाच. आणि जो पहाटे उठून डेकवर येतो, त्याला सूर्योदय दिसतो तो सज्जातल्या शेजाऱ्याला दिसतो तोच. म्हणून दरपत्रक हाती आल्यावर तळाच्या ओळीकडे संकोचाने पाहू नये. नकाशा उलगडावा, मधली आणि खालची जागा शोधावी, डोक्यावर व पायाखाली खोल्याच आहेत याची खात्री करून घ्यावी, आणि वाचलेल्या पैशातून जमल्यास आणखी एखादे बंदर पाहावे.