आमदाराचं ऑगस्टमधलं पत्र

कॅलिफोर्नियात उन्हाळा सरताना असेंब्ली सदस्य मतदारसंघातल्या कुटुंबांना कामाचा हालहवाल कळवतात. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, म्हणून मुलांचे विषय आधी येतात: २०२२ पासून सरकारी शाळांत सर्वांना मिळणारं मोफत जेवण, वणव्यांचा धूर. ते वाचाच, पण खरी नजर विधेयकांवर ठेवा. दीड लाख डॉलर किंवा त्याहून जास्त खर्चाची विधेयकं असेंब्लीची विनियोजन समिती ‘सस्पेन्स फाइल’मध्ये टाकते आणि ऑगस्टमध्ये एकाच बैठकीत शेकडोंचा फैसला करते. चर्चा नाही, क्रमांक पुकारायचा, पुढे गेलं की अडकलं एवढंच सांगायचं. मला हे फार खटकतं. तुमच्या जिव्हाळ्याचं विधेयक तिथे अडकलं, तर आमदाराच्या कार्यालयात फोन करून कारण विचारा. फ्रीमाँट-सनीव्हेलच्या एच-१बीवाल्या मराठी कुटुंबांनीही विचारावं. त्याला नागरिकत्व लागत नाही.