फ्लॅट घेताय? आधी ऊन बघा!

आटपाडीची बरीच माणसं सोनं-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी देशभरातल्या शहरांत आहेत. नाना भाषांच्या शेजारात फ्लॅट घेणाऱ्या अशा माणदेशी मित्रांसाठी ही पोस्ट. आपली धाब्याची घरं आठवा: जाड भिंती, वर मातीचं छत, म्हणून भर उन्हाळ्यातही आत गारवा. फ्लॅट घेतानाही तेच तत्त्व लावा.

☀️ दुपारी चारला बघायला जा. पश्चिमेची भिंत तापत असेल, तर खोली रात्रीही धगधगते.

🪟 समोरासमोर खिडक्या हव्यात, वारा आरपार वाहतो.

🧱 भिंती कशाच्या, ते विचारा. एएसी ब्लॉक साध्या विटेपेक्षा उष्णता कमी आत सोडतात.

🏠 वरचा मजला असेल, तर गच्चीला उष्णतारोधक थर आहे का, ते बघा.

🌀 साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी साधारण ३०.

🔆 २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराच्या सौर पॅनेलसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठरलं. त्यासाठी सगळ्या शेजाऱ्यांचं एकमत घडवा. ओळखीही वाढतील, बिलही उतरेल!