किड्स मेन्यू नको, आमच्यातलंच द्या!

वीकेण्डच्या रात्री कुठल्याही बऱ्यापैकी रेस्टॉरंटमध्ये नजर फिरवून बघा. आई-बाबांपुढे थाई करी, सुरमई फ्राय, पनीर टिक्का. आणि शेजारच्या उंच खुर्चीतल्या छोट्या साहेबांपुढे? फ्रेंच फ्राइज! सॉसच्या बाटलीला टेकवलेला मोबाइल, त्यावर कार्टून आणि तोंडात आपोआप जाणारे बटाट्याचे तुकडे. ‘काय करणार, आमचा दुसरं काही खातच नाही!’ हे वाक्य ऑफिसच्या लंच टेबलवर मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय.

माझी लेक साडेचार वर्षांची आहे. ती बोंबील खाते, अळूचं फतफतं खाते, रसम वाटीला तोंड लावून पिते आणि कारल्याला ठामपणे ‘नको’ म्हणते. मित्र म्हणतात, ‘लकी आहेस लेका!’ थोडं नशीब आहेच. पण खरा फंडा त्या कारल्यात आहे. तिला ‘नको’ म्हणायची मुभा आहे, म्हणूनच ती बाकीचं बिनधास्त चाखते.

दुसऱ्या वर्षानंतरचं वादळ

एक गोष्ट आधी कळली तर निम्मं टेन्शन जातं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. म्हणजे भूक कमी होणार हे ओघानं आलंच. त्यात दोन ते सहा या वयात मुलांना अनोळखी पदार्थाची चक्क भीती वाटते. अभ्यासक याला ‘फूड निओफोबिया’ म्हणतात. हा हट्ट नाही, वाढीचा एक टप्पा आहे.

आमच्याकडे हे वादळ दुसऱ्या वाढदिवसानंतर आलं. तीन आठवडे फक्त दहीभात! दिवसभर तिला सांभाळणारी माझी आई हवालदिल. ‘पोर वाळत चाललंय रे,’ म्हणत तिनं मोबाइल लावून भरवायला सुरुवात केली. ताट रिकामं व्हायचं, पण पोटात काय गेलं हे लेकीला स्वतःलाच माहीत नसायचं. पोट भरलंय की नाही, हे ओळखायलाच ती विसरणार, याची मला धास्ती वाटायला लागली. घरात आवाज चढले. आई म्हणाली, ‘तुम्ही रात्री आठला येता. दिवसभर उपाशी पोराकडे बघत मला बसावं लागतं.’

यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. शेवटी तिघं मिळून लेकीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी वाढीचा तक्ता काढून दाखवला, वजन अगदी व्यवस्थित होतं. तो कागद आईनं स्वतः फ्रिजवर लावला आणि जेवताना मोबाइल बंद झाला.

काय ते आपण, किती ते तिनं

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी जबाबदाऱ्यांची एक सोपी वाटणी करून ठेवली आहे. काय, कधी आणि कुठे जेवायचं हे पालकांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आम्ही हेच उचललं. ताटात एक तरी ओळखीची गोष्ट हवीच, म्हणजे वरणभात किंवा पोळी. शेजारी नवीन पदार्थ चमचाभर. खाल्ला तर ठीक, नाही तर ताट उचलायचं. कौतुक नाही, लेक्चर नाही. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ हे तर मुळीच नाही! अशानं चॉकलेट बक्षीस होतं आणि भाजी शिक्षा.

नवी चव पचनी पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्यांदाच ‘तिला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. पडवळ आमच्या ताटात किती वेळा आलं आणि परत गेलं, मोजलं नाही. एक दिवस तिनं माझ्या ताटातलं उचलून खाल्लं. आम्ही दोघं काहीच न झाल्यासारखे जेवत राहिलो.

ओळख तर त्याही आधी सुरू होते. अमेरिकेत ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांचा २००१ मधला एक प्रयोग आहे. गरोदरपणात ज्या आयांनी गाजराचा रस प्यायला होता, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीच्या खिमटीला कमी तोंडं वाकडी केली!

हॉटेलिंगचा श्रीगणेशा

पहिल्याच फटक्यात फाइन डाइनला जाऊ नका. आमचा श्रीगणेशा माटुंगा स्टेशनजवळच्या रामा नायकांच्या उडुपीत झाला. १९४२ सालचं हॉटेल, केळीच्या पानावर जेवण. लहान मुलांसाठी याहून पर्फेक्ट काय? पदार्थ भराभर पानात येतात, सगळं थोडं थोडं चाखता येतं, हातानं खायचं आणि सांडलं तरी पानातच. पुढची पायरी बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, १९२३ पासूनचं. तिथल्या पुलावातल्या आंबटगोड बेरी वेचण्यात लेक अशी रमली की पुलाव कधी पोटात गेला, कळलंच नाही. मग सोलकढी, मग मोमो.

आमचे नियम साधे आहेत. दुपारी बारा किंवा संध्याकाळी सात, गर्दीच्या आधी. तिखट वेगळं मागायचं. एक पदार्थ लेक निवडणार आणि वेटरकाकांना स्वतः सांगणार. कुरकुर सुरू झाली की आमच्यापैकी एकानं तिला बाहेर चक्कर मारून आणायचं. तोवर त्याची बिर्याणी गार होते. होऊ दे!

एवढं मात्र सांभाळा

• वर्षाच्या आत मध अजिबात नको.
• अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न चार-पाच वर्षांपर्यंत टाळा. द्राक्षं उभी चिरून द्या. मासा काटे काढून.
• अंगावर गांधी, उलटी, ओठांना सूज दिसली तर तो पदार्थ पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर थेट हॉस्पिटल.
• वजन घटत असेल किंवा खाण्याचे पदार्थ दिवसेंदिवस कमी होत असतील, तर वाट बघू नका. डॉक्टरांना गाठा.

गेल्या महिन्यात आम्ही आईलाही मोमो खायला घेऊन गेलो. ती प्लेटकडे संशयानं बघत बसली होती. लेक म्हणाली, ‘आजी, एक चाखून बघ. नाही आवडलं तर राहू दे.’ आजीनं अर्धा खाल्ला आणि उरलेला नातीच्या प्लेटमध्ये सरकवला. कोणी काही बोललं नाही. पुढच्या वेळी पुन्हा मागवू.