दुखत नाही म्हणून तपासत नाही? तिशीनंतर या तपासण्या कराच

मागच्या रमजानमधली गोष्ट. नागपूरच्या मोमिनपुऱ्यात ओळखीच्या एका घरी आम्ही इफ्तारला बसलो होतो. घरातले पन्नाशीचे चाचा खजूर तोंडात टाकताना अडखळले. तोंड पूर्ण उघडेचना. विचारलं तर म्हणाले, "काही नाही बेटा, दाढेचं दुखणं असेल." मग हळूच चाचीनं सांगितलं, की सहा महिन्यांपासून तिखट लागलं की तोंडात आग होते, पण दवाखान्यात चला म्हटलं की यांचं उत्तर एकच : "दुखत थोडंच आहे?"

ईदनंतर मुलानं त्यांना जबरदस्तीनं दाताच्या डॉक्टरकडे नेलं. गालाच्या आतली कातडी ताठ झालेली, एका बाजूला पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासला. कॅन्सर झालेला नव्हता, पण वाट तिकडचीच होती. वीस वर्षांचा खर्रा त्या दिवशी सुटला. तोंड पहिल्यासारखं उघडणार नाही, दर काही महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. पण चाचा घरी आहेत, कामावर जातात.

न दुखणारे आजार

आपल्याकडे दवाखान्यात जायचं ते ताप आला, पडलो-झडलो तरच. पण मोठ्या वयातले बरेच आजार सुरुवातीला दुखतच नाहीत. बीपी वाढलेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो. शुगर वाढलेली असते आणि आपण म्हणतो, उन्हामुळे थकवा आला असेल. कळतं तेव्हा किडनी, डोळे किंवा हृदय यांचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे घरात सहा मोठी माणसं असतील, तर सरासरी दोघांचं बीपी वाढलेलं.

उंबरठ्यावर असणं ही वाईट बातमी नाही, ती संधी आहे. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ असेल तर वजन, चालणं आणि खाणं सांभाळून मधुमेह लांबवता येतो, अनेकदा टाळताही येतो. १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली, तर मधुमेह धरतात. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त वेगवेगळ्या दिवशी आलं, तर उपचार लागतात. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. जिना चढून धापा टाकत मोजलेला आकडा खरा नसतो.

खर्रा आणि आपलं तोंड

नागपुरात हा विषय टाळून चालत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा इथं टपरीटपरीवर मिळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र गेला नाही. "आम्ही नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

तोंडाची पहिली तपासणी घरीच होते, फुकट. आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का? गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांजवळ पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम? यातलं एकही असेल तर डॉक्टरांना दाखवा. केरळमध्ये आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसतं तोंड उघडून पाहिलं, तेवढ्यानं तंबाखू-दारूची सवय असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं कमी झाले.

अम्मी, आपा, तुमचंही

घरात सगळ्यात उशिरा तपासणी होते ती बाईची. आधी नवरा, मग पोरं, मग सासू-सासरे. त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी म्हटलं की संकोच. पण ती काही मिनिटांची असते आणि महिला डॉक्टर किंवा नर्सकडून करून द्या, असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

याचा फायदा आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झालाय. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं मुंबईच्या टाटा मेमोरियलसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत १ लाख ३१ हजारांहून जास्त महिलांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले : आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणीची संधी मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर व्हिनेगरच्या साध्या तपासणीनं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

काय तपासायचं, काय नाही

तिशीनंतर एवढं पुरे : वर्षातून एकदा बीपी, शुगर, वजन आणि कमरेचा घेर. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी तोंडाची, आणि महिलांसाठी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सांगितली आहे. खर्रा-तंबाखू खात असाल तर तोंड दरवर्षी दाखवा. घरात कुणाला मधुमेह किंवा कमी वयात हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि सत्तर-ऐंशी चाचण्यांचं मोठं पॅकेज? त्याची गरज बहुतेकांना नसते. सरसकट सगळं तपासल्यानं आयुष्य वाढतं असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट किरकोळ आकडा इकडेतिकडे झाला की धावपळ आणि खर्च मागे लागतो. मोजकं तपासा, पण नियमित तपासा.

पैशाचं कारणही फार टिकत नाही. बीपी-शुगर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तपासून मिळतं. पुढं गरज पडली तर मेयो आहे, मेडिकल आहे, तिथल्याच आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, मिहानला एम्स आहे. आशाताई फॉर्म भरायला आल्या तर त्यांना दारातून परत पाठवू नका. त्या फॉर्मवरूनच कुणाला तपासणीची जास्त गरज आहे ते कळतं.

रमजानच्या आधी

हजला जायचं ठरलं की आपण तब्येतीचं सर्टिफिकेट आणतो. मग रोज्यांच्या आधी का नाही? शुगर असलेल्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावं. रोजा ठेवणं सुरक्षित आहे का, गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा-मात्रा कशा बदलायच्या, हे तेच सांगतील. आपल्या मनानं औषध बंद करू नका.

रमजान हीच वर्षाची खूण धरू या. दरवर्षी त्याआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी, शुगर आणि तोंड तपासायचं, आकडे एका वहीत लिहून ठेवायचे. त्या चाचांच्या घरी आता अशी वही आहे. पहिलं नाव चाचीचं लिहिलंय.